अनुभव धागा : रेसमधून रिटायर झालेले आपले घोडे

आमचा बाजी गेल्या महिन्यात गेला. चोवीस वर्षांचा होता. पुण्याच्या रेसकोर्सवर धावलेला थरोब्रेड, म्हणजे रेससाठीच्या जातीचा घोडा, आणि नंतरचं सगळं आयुष्य बडोद्याला, पादरा रोडच्या आमच्या शेतावर. एकटीनेच त्याच्याविषयी लिहिण्यापेक्षा वाटलं, ज्यांनी असा घोडा सांभाळलाय, त्याच्यावर बसायला शिकलेत, त्या सगळ्यांनी लिहावं. मधे गुजराती आलं तरी चालेल.

बाजी काही डर्बीवाला, म्हणजे मोठ्या रेसमधला, नव्हता. एक रेस जिंकला, मग पुढच्या डाव्या पायाची टेंडन (स्नायू हाडाला जोडणारी दोरी) गेली आणि ट्रेनरने सरळ सांगितलं, आता हा धावायचा नाही. लोकांना वाटतं घोडा म्हातारा झाला की रिटायर होतो, तसं नसतं हो, दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी पळायला लागतात, सहा-सातपर्यंत बहुतेकांचं संपतं, आणि जगतात पंचवीसेक वर्षं, मग बाकीची वर्षं त्याचं कोणी बघायचं? ह्यांनी तेव्हाच ठरवलं, आपल्या नावावर पळालाय ना, मग आपल्याकडेच राहील.

सुरुवातीला अवघड गेलं. रेसचा घोडा जवळजवळ दिवसभर तबेल्यात बंद, ओट्सची भरपूर चंदी, पहाटे ट्रॅक. मोकळं सोडलं तर हा चरायचाच नाही, फाटकापाशी उभा. चंदी एकदम तोडायची नसते, हळूहळू कमी करून गवत वाढवायचं, कारण घोड्याचं पोट सारखं थोडं थोडं खाण्यासाठी बनलंय, रिकामं राहिलं की अल्सर होतो. आमचे सईसकाका काठेवाडी घोड्यांत वाढलेले, म्हणाले हे नाजूक जनावर इथे टिकायचं नाही, आणि पुढे सगळ्यात जास्त जीव त्यांनीच लावला. खरारा करताना खांद्याच्या वर, अयाळ संपते तिथे हात गेला की बाजी वरचा ओठ लांब करून थरथरवायचा आणि काकांची बाही ओठांत धरायचा, चावायचा नाही, नुसती धरून ठेवायचा. शेवटी दाढा झिजल्या, सुकं गवत चघळून गोळे टाकून द्यायचा, तर काका रजको (लसूणघास) बारीक कापून, भिजवलेल्या कोंड्यात कालवून भरवायचे. इतकं माणसासाठीपण कोणी करत नाही.

रावपुऱ्यातून :

ताई, वाचून आजोबा आठवले, ते वाड्याच्या नोकरीत होते. प्रतापसिंहराव महाराजांनी १९४५ मध्ये विलायतेत एक वर्षाचं शिंगरू २८,००० गिनींना (गिनी म्हणजे तिथलं जुनं नाणं) घेतलं, तेव्हाची विक्रमी किंमत, आणि नाव ठेवलं आपल्या आजोबांचं, सयाजीराव. १९४७ ला त्याने आयरिश डर्बी आणि सेंट लेजर ह्या दोन्ही मोठ्या रेस मारल्या. आजोबा हे असं सांगायचे की जणू स्वतः लगाम धरून उभे होते. पुढे पैदाशीतही त्याचं नाव झालं, त्याचा मुलगा इंडियाना १९६४ ला सेंट लेजर जिंकला. पण अशा घोड्याला रिटायर झाल्यावरही मान असतो, पैदाशीला लागतो ना. बाजीसारख्याला तुमच्यासारखा मालकच लागतो.

अलकापुरीतून :

माझी मुलगी रिटायर रेसच्या घोड्यावरच शिकली. आधी मी घाबरले होते. तिच्या सरांनी समजावलं की ह्याला तू लगाम खेचलास तर हा उलट जोर लावून पळेल, रेसमध्ये तेच शिकलाय. जॉकी आखूड रिकिबीत वर उभा असतो, त्यामुळे मांडीचा-पोटरीचा इशारा ह्या घोड्यांना माहीतच नसतो, आणि बसेपर्यंत गप्प उभं राहायचीही सवय नसते. तिने हात सैल सोडायला शिकलं आणि तो चालायला शिकला. आता ती होस्टेलवर आहे, फोन केला की पहिल्यांदा त्याचंच विचारते.

मांजलपूरहून :

माझं वाचायला जड जाईल, पण लिहितो. वरघोड्यात, म्हणजे लग्नाच्या वरातीत, एक घोडा बघितला, डीजेच्या पुढ्यात घाम सुटून थरथरत होता. कान सरळ होते, मारवाडी-काठेवाडीसारखे आत वळलेले नाहीत, लांब पाय, पातळ कातडी, म्हणजे थरोब्रेड. कोणाच्या हातून कुठे विकला गेला कोण जाणे. दुसऱ्या दिवशी जाऊन घेतला. तीन वर्षं मजेत होता, मग एका रात्री पोटशूळ. घोड्याला उलटी होत नाही, आत अडकलं की अडकलंच. डॉक्टर पहाटेपर्यंत बसले, वाचला नाही. तीन वर्षं तरी त्याला मिळाली, हे मी स्वतःला रोज सांगतो. मालकांनो, विकताना पुढे कुठे जातोय ते विचारा, आणि मधून मधून जाऊन बघून या.

पादरा रोडवरून परत :

दादा, तुमचं काकांना वाचून दाखवलं, खूप वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, त्याला सांगा त्याने बरोबर केलं. बाजीच्या सोबतीची घोडी आमच्याकडे आहे, ती आता एकोणीसची. बाजी गेल्यापासून पाणी कमी पितेय आणि थंडी तोंडावर आलीय, पोटशूळाची भीती तिथूनच सुरू होते. आम्ही कोमट पाणी आणि थोडं मीठ चालू केलंय. एकटी पडलेली म्हातारी घोडी कोणी सांभाळली असेल तर सोबतीला काय आणलं, दुसरा घोडा की बकरी चालते, तेवढं नक्की लिहा.