नायट्रोजनचं भांडं की वाळवलेली पूड? देवणीचं बीज कसं राखायचं

रेतनवाला_उदगीर

सतरा वर्षं झाली, मोटारसायकलला गोठवलेलं वीर्य राखायचं तीन लिटरचं द्रव नायट्रोजनचं भांडं बांधून उदगीर-देवणी भागात गायी भरवत, म्हणजे कृत्रिम रेतन करत फिरतोय. मे २०२१ ची गोष्ट. तेव्हा नायट्रोजनचे कारखाने ऑक्सिजनकडं वळवले होते. माणसं श्वासासाठी तडफडत होती, त्यामुळं त्याबद्दल तक्रार नाही. पण आमची गाडी तीन आठवडे आली नाही. भांड्यात लाकडी पट्टी बुडवायची, बाहेर काढून हवेत हलवायची, जिथपर्यंत पांढरं धरतं तिथपर्यंत नायट्रोजन. रोज ती रेघ बोटभर खाली. एका संध्याकाळी पट्टी जशी घातली तशीच वर आली.

आत एका वानेरा (देवणीतलाच एक प्रकार) वळूच्या ३८ कांड्या, म्हणजे गोठवलेल्या वीर्याच्या बारीक नळ्या होत्या. वळू आदल्याच वर्षी गेलेला. एक कांडी कोमट पाण्यात धरली, दवाखान्यात जाऊन सूक्ष्मदर्शकाखाली बघितली. काहीच हललं नाही.

आता मुद्दा. १९९८ मध्ये हवाई विद्यापीठात वाकायामा आणि यानागिमाची यांनी उंदराचं वीर्य गोठवून, वाळवून त्याची पूड केली आणि त्यातून जिवंत पिल्लं जन्माला घातली. पुढं वाकायामांनी जपानमध्ये तीच पूड अंतराळ स्थानकावर जवळजवळ सहा वर्षं ठेवली. ती परत आणून १६८ पिल्लं झाली, हे २०२१ ला छापून आलंय. त्यांच्याच लोकांनी वाळवलेलं वीर्य प्लास्टिकच्या पातळ पापुद्र्यात घालून, पोस्टकार्डाला चिकटवून साध्या टपालानं पाठवलं, त्यातूनही पिल्लं! आणि आपण उणे १९६ अंशांच्या मागं धावतोय. माझं म्हणणं एवढंच की देवणी आणि लाल कंधारी या आपल्याकडच्या गायीबैलांच्या जातींचं बीज वाळवून ठेवायला लागा. कपाटात राहील, वीज नको, गाडीची वाट बघणं नको.

निवृत्त_पशुवैद्य, परभणी

पोस्टकार्डाची गोष्ट झकास आहे, मीही दोनदा वाचली. पण ती पूड पाण्यात कालवून तुम्ही गायीत सोडली तर काय होईल? काहीच नाही. वाळवलेला शुक्राणू पोहत नाही. शेपटी निकामी, आवरण फाटलेलं. नेहमीच्या अर्थानं तो मेलेलाच. डोक्यातलं केंद्रक तेवढं शाबूत राहतं, म्हणून एकेक डोकं काचेच्या सुईनं अंडपेशीत टोचावं लागतं. त्याला इक्सी म्हणतात. उंदरात ते जमलं, २०११ मध्ये टेक्सासात घोड्यातही जमलं, वाळवलेल्या वीर्यापासून शिंगरं झाली. गायीत मात्र इक्सीचंच हाडवैर आहे. ताज्या वीर्यानं केलं तरी अंडपेशी नीट जागी होत नाही, तिला बाहेरून चेतवावं लागतं. वाळवलेल्या वीर्यापासून गायीचे भ्रूण प्रयोगशाळेत तयार झालेत, इथवर ठीक.

पण भाऊ, तुमचं गिऱ्हाईक कोण? सकाळी गाय माजावर आली की संध्याकाळी भरवायची. तो माणूस काचेची सुई घेऊन बसणार आहे का? आणि हे ‘वाळवण’ म्हणजे गच्चीवरच्या कुरडया नव्हेत. आधी गोठवायचं, मग निर्वात करून बर्फाची सरळ वाफ करायची. म्हणजे गोठवणं सुटलंच नाही, फक्त साठवणीतलं सुटलं.

कंधारचा_शेतकरी

तुमची दोघांचीबी गंमत वाटायलीय. बियाणं कणगीत राखून रान पिकत नाही, पेरावं लागतं. देवणीचे वानेरा, बाळंक्या, शेवरा हे प्रकार कुणी बाटलीत ठेवून टिकवले नाहीत. गड्यांनी दावणीला ठेवून टिकवले. ट्रॅक्टर आला, बैल विकले, आता वळू पोसायचा म्हटलं तर कडब्याची पेंढी परवडंना. त्यावर बोला की. मालेगावच्या खंडोबाच्या यात्रेत लाल कंधारीच्या जोड्या आधी किती यायच्या अन् आता किती येतात, जाऊन बघा एकदा.

दुसरं सांगतो. ज्वारी वाळवून ठेवली तर दोन वर्सानंबी उगवती. पण केशर आंब्याची कोय महिनाभर उन्हात टाका अन् मग लावा. येईल का कोंब? समदं वाळवून राहत नसतं.

सायली, संभाजीनगर

मी वंध्यत्व उपचार केंद्रात भ्रूणशाळेत काम करते. मामा, तुम्ही ज्वारी आणि कोयीचं बोललात ना, आमच्या विषयातही अगदी तसंच आहे.

शुक्राणू म्हणजे ज्वारी. आत पाणी फार नसतं, डीएनए प्रोटामिन नावाच्या प्रथिनांवर घट्ट दाबून बसवलेला असतो, म्हणून तो वाळवणं सोसतो. अंडपेशी म्हणजे कोय. शरीरातल्या सगळ्यात मोठ्या पेशींपैकी एक, पाण्यानं टच्च भरलेली. वाळवली की आतली सगळी मांडणी कोसळते. अंडाशयाच्या तुकड्याचं तर आणखी अवघड, तिथं शेकडो पेशी एकमेकींना धरून जिवंत राहाव्या लागतात. कर्करोगाच्या उपचाराआधी अंडाशयाचा तुकडा काढून *गोठवून* ठेवतात, पुढं परत बसवतात. अशा तुकड्यातून पहिलं बाळ २००४ मध्ये बेल्जियममध्ये झालं. वाळवलेल्या तुकड्यातून आजच हे करू म्हणणारा माणूस माझ्याकडं आला तर मी त्याला चहा पाजून परत पाठवीन.

तरीही उदगीरकरांची बाजू मला टाकवत नाही. मार्च २०१८ मध्ये अमेरिकेत क्लीव्हलँडच्या एका केंद्रात टाकी गरम झाली आणि ४,००० च्या वर अंडपेशी व भ्रूण एका रात्रीत गेले. तिथं विजेची बोंब नव्हती, पैशाचीही नव्हती. आमच्याकडं रात्री दोनला टाकीचा गजर वाजला की मी चप्पल न घालता निघते, त्यामुळं ही बातमी मला विसरता येत नाही.

वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेत अंडपेशीवर दुसऱ्या बाजूनं काम चाललंय. मांजरीची अख्खी अंडपेशी नाही, तिचं केंद्रक राखायचं. ट्रेहॅलोज नावाच्या साखरेत भिजवून मायक्रोवेव्हनं काही मिनिटांत वाळवतात. ही साखर यीस्टमध्ये असते, वर्षानुवर्षं सुकून पुन्हा जागे होणाऱ्या काही सूक्ष्म जिवांतही असते. पाणी गेलं की ती स्फटिक न होता काचेसारखी घट्ट होते आणि आतलं सगळं जागच्या जागी धरून ठेवते. पाडव्याच्या गाठी डोळ्यांसमोर आणा.

कोरडवाहू_लातूर

गाठी म्हणालात म्हणून विचारतो, आषाढात गाठीचं काय होतं? बोटाला चिकटते. गुळाची ढेप पाझरते. आपल्याकडं मे महिन्यात ४२-४३ अंश आणि पुढच्याच महिन्यात दमट. तुमची काच इथं टिकणार का?

(तरी मी वाळवण्याच्याच बाजूचा. ज्या शहरानं २०१६ ला मिरजेहून रेल्वेनं आलेलं पाणी प्यायलंय, त्याला ‘पुरवठा वेळेवर येईल’ असं सांगू नका.)

सायली, संभाजीनगर

बरोबर पकडलंत. ओल शिरली की काच मऊ होते आणि मऊ झाली की आतली नासधूस पुन्हा सुरू. म्हणून निर्वात काचेची कुपी हवी, आणि शक्यतो साध्या फ्रिजमध्ये. कपाटावर हयातभर ठेवायचं स्वप्न सध्या बाजूला ठेवा. पण फ्रिज आणि नायट्रोजन यांत फरक आहेच. फ्रिज दोन तास बंद पडला तर कुणी चप्पल न घालता धावत नाही.

रेतनवाला_उदगीर

डॉक्टरसाहेब, सुईचं पटलं. माझ्या धंद्याला पूड उपयोगाची नाही, कबूल. पण मी धंद्याचं म्हणतच नव्हतो. तो वानेरा वळू गेला आणि त्याच्या ३८ कांड्या मी उकिरड्यात टाकल्या, का? तर पोहत नव्हत्या म्हणून. आता तुम्हीच म्हणायलात की पोहणं गेलं तरी केंद्रक राहू शकतं. मग माझ्या त्या कांड्या खरंच मेल्या होत्या का?

सायली, संभाजीनगर

दादा, त्या गेल्याच होत्या असं समजा. पाण्यासकट उन्हाळ्यात राहिलं की डीएनए लवकर तुटतो. वाळवण्याचा सगळा फायदा पाणी काढून टाकण्यातच आहे. मनाला लावून घेऊ नका.

निवृत्त_पशुवैद्य, परभणी

माझा विरोध थोडा आवरतो. थोडाच. राखीव साठा म्हणून, म्हणजे उद्या सगळं गेलं तर हाताशी काहीतरी असावं म्हणून वाळवायला माझी ना नाही. पण ‘गोठवणं सोडा’ म्हणणाऱ्याशी मी भांडणारच. ग्लिसरॉल घातलं की वीर्य गोठवूनही जगतं हे १९४९ मध्ये कळलं, तेव्हापासून हे तंत्र कामाला जुंपलेलं आहे आणि गोठ्यागोठ्यात वासरं दिसतात. वाळवण्याची बाजू अजून कच्ची आहे. त्याच जपानी गटानं २०२२ मध्ये वाळवलेल्या साध्या पेशींपासून उंदरांचे क्लोन केले. यश ०.२ ते ५.४ टक्के. आणि गंमत अशी की एका नराच्या पेशींपासून माद्या जन्मल्या, वाय गुणसूत्रच मधे कुठंतरी गळून पडलं! वळू राखायला गेलात आणि कालवड निघाली तर?

कंधारचा_शेतकरी

कालवड निघाली तर बिघडलं काय, दूध तरी देईल.

आता खरं सांगा डॉक्टरसाहेब. माझ्याकडं लाल कंधारी वळू हाय, नऊ वर्सांचा, आमच्या वडलांच्या गायीचा. त्याचं काही काढून ठेवता येईल का? वाळवा, गोठवा, तुमचं तुम्ही बघा.

निवृत्त_पशुवैद्य, परभणी

मामा, आधी रोगांची तपासणी लागेल, सांसर्गिक गर्भपात आणि क्षयरोगाची तर नक्कीच. त्यात पास झाला तर वीर्य घेता येईल. गोठवायचं निम्मं, आणि उरलेल्यातलं थोडं सायलीबाईंसारख्या कुणाला वाळवून बघायला देऊ. नऊ वर्षं म्हणजे फार थांबू नका. कधी येऊ?

कंधारचा_शेतकरी

यात्रेच्या आधी या. यात्रेत एक गिऱ्हाईक बोललंय त्याला.

रेतनवाला_उदगीर

मामा, विकू नका. मी पण येतो, भांडं भरून घेऊन.