मुक्त व्यापार करारात साडेबारा टक्के कुठे आहेत?

रबाळेकर:
आपल्याकडे नवी मुंबईत साडेबारा टक्के म्हणजे काय, हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. जानेवारी १९८४ मध्ये उरण-जासईचे शेतकरी दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली रस्त्यावर उतरले, पोलिसांच्या गोळीबारात पाच जण हुतात्मा झाले आणि त्या लढ्यातून एक तत्त्व मान्य झालं: प्रकल्पाला ज्याची जमीन गेली त्याला साडेबारा टक्के विकसित जमीन परत. प्रत्यक्ष भूखंड हाती येईपर्यंत लोकांची उमेद संपली, ते वेगळं. पण हक्क लिहिलेला होता, म्हणून भांडता तरी आलं.

मुक्त व्यापार करार म्हणजे देशांनी एकमेकांच्या मालावरचं सीमाशुल्क कमी करण्याचे करार. आपल्या अशा करारांत असा हक्क कुठेच लिहिलेला नाही. तो असायला हवा, असं माझं म्हणणं आहे.

मी रबाळे एमआयडीसीत तांब्याच्या नळ्या ओढण्याच्या धंद्यात आहे. आसियानशी, म्हणजे आग्नेय आशियाई देशांच्या गटाशी, वस्तूंचा करार १ जानेवारी २०१० ला लागू झाला. टप्प्याटप्प्याने तिकडच्या तयार नळीवरचं सीमाशुल्क शून्यावर आलं. आमच्या कच्च्या मालावर, म्हणजे कॅथोडवर (शुद्ध तांब्याच्या पत्र्यांवर), ५ टक्के लागतच राहिलं. बाहेरची नळी वापरून एसी बनवणाऱ्याचा फायदा झाला, एसी घेणाऱ्याचाही थोडा झाला असेल. तो फायदा देशभर पातळ पसरला. तोटा मात्र मोजक्या गाळ्यांवर एकगठ्ठा आला, आणि त्या गाळ्यांतला कामगार आज कुठे आहे याची नोंद कुणाकडेच नाही.

२०२२-२३ मध्ये आसियान देशांना आपली निर्यात सुमारे ४४ अब्ज डॉलरची होती, तिथून आयात सुमारे ८७ अब्जांची. तूट आहे म्हणजे करार वाईट, असं मी म्हणत नाही. तोट्याची जबाबदारी कुणाची, एवढंच विचारतोय. अमेरिकेने १९६२ च्या व्यापार कायद्यातच आयातीमुळे नोकरी गेलेल्यांसाठी प्रशिक्षण आणि भत्त्याची सोय केली होती. साठ वर्षं ती योजना चालली, २०२२ मध्ये नवे अर्ज घेणं थांबलं. युरोपीय संघाचाही असा निधी २००७ पासून आहे. आपल्याकडे करार मंत्रिमंडळ मंजूर करतं, संसदेची संमती घेण्याचं बंधन नाही. मग तोट्याची चर्चा व्हायची कुठे?

न्हावाशेवा_सीएचए:
पूर्ण असहमत. मी सीएचए, म्हणजे सीमाशुल्क दलाल; रोज बिल ऑफ एंट्री (आयात मालाचा सीमाशुल्क अर्ज) भरतो, म्हणून सांगतो.

कॅथोडवरचे ५ टक्के आसियानने लावले नाहीत, दिल्लीने लावले. कच्च्या मालावर जास्त आणि तयार मालावर कमी शुल्क, हा घोळ आपल्याच अर्थसंकल्पांचा. करार नसता तरी तो कुठेतरी बोचलाच असता.

दुसरं, करार न करूनही आयात थांबत नाही. ४ नोव्हेंबर २०१९ ला बँकॉकमध्ये आपण आरसेपमधून, म्हणजे आसियान, चीन, जपान वगैरेंच्या मोठ्या व्यापार करारातून, बाहेर पडलो. उरलेल्या १५ देशांनी वर्षभरात सह्या केल्या आणि १ जानेवारी २०२२ पासून करार लागूही केला. आसियान, जपान, कोरिया यांच्याशी आपले करार आधीपासून होते, त्यामुळे खरी भीती चीनची होती. चीनशी करार केला नाही, तरी २०२४-२५ मध्ये त्या देशाशी तूट ९९ अब्ज डॉलरवर गेली. आरसेपमुळे व्हिएतनाममध्ये कारखाना टाकणाऱ्याला जपानपासून ऑस्ट्रेलियापर्यंत एकच नियमावली मिळते. आपल्याकडच्या निर्यातदाराला प्रत्येक देशासाठी वेगळं प्रमाणपत्र काढावं लागतं. बाहेर राहिल्याचा तोटाही तोटाच असतो. फक्त तो दिसत नाही, कारण जो कारखाना इथे आलाच नाही त्याला टाळं लागत नाही.

रबाळेकर:
दिल्लीनेच लावले, मान्य. म्हणजे भरपाई कुणी द्यायची तेही ठरलं.

मसाला_मार्केट_वाशी:
सीएचए साहेब, कागदांवर तुमचा विश्वास दिसतो. मला मिरीचं सांगायचंय.

व्हिएतनामच्या मिरीवर आसियान करारानंतरही ५० टक्क्यांच्या आसपास शुल्क होतं. श्रीलंकेच्या मिरीवर साफ्टाखाली (दक्षिण आशियाई देशांच्या व्यापार कराराखाली) ८ टक्के, आणि भारत-श्रीलंका करारात वर्षाला २,५०० टन तर शून्य शुल्काने. एवढी तफावत असल्यावर व्हिएतनामी मिरी कोलंबोमार्गे श्रीलंकेची होऊन येणार नाही तर काय? कोडगू आणि केरळच्या बागायतदारांनी आरडाओरडा केला, शेवटी डिसेंबर २०१७ मध्ये सरकारने किमान आयात मूल्य किलोला ५०० रुपये केलं. तोवर भाव पडून गेलेला. बाजारात स्वस्त मिरी आली, पण किराणा दुकानातली पुडी काही तितकी स्वस्त झाली नाही. मधला पैसा मध्येच राहिला. ग्राहकाला लाभ होतो हे वाक्य मी आता सहजासहजी मान्य करत नाही.

न्हावाशेवा_सीएचए:
म्हणूनच सप्टेंबर २०२० पासून कॅरोटार नियम आले. आता नुसतं मूळ देशाचं प्रमाणपत्र लावून सुटका नाही. मालात त्या देशाचं मूल्य किती टक्के, प्रक्रिया कोणती झाली, ही माहिती आयातदाराने स्वतः बाळगायची आणि सीमाशुल्क अधिकाऱ्याने विचारली की द्यायची. आसियान करारात ३५ टक्के प्रादेशिक मूल्याची (तेवढं मूल्य करारातल्या देशांतलंच असण्याची) अट पहिल्यापासून आहे, तपासणारं कुणी नव्हतं. तपासणी ढिली होती म्हणून करारच वाईट, असं कसं म्हणता?

अनघा_कोपरखैरणे:
तुम्ही सगळे शुल्कावर अडकलात. मी औषध कंपनीच्या लॅबमध्ये काम करते. आमच्या क्षेत्राला शुल्कापेक्षा बौद्धिक संपदेचं प्रकरण जास्त छळतं.

'डेटा एक्सक्लुझिव्हिटी' म्हणजे काय ते बघा. मूळ कंपनीने चाचण्या करून औषध सुरक्षित असल्याचं दाखवलं. पुढे जेनेरिक बनवणारा फक्त आपलं औषध तसंच आहे एवढं सिद्ध करतो, सगळ्या चाचण्या पुन्हा माणसांवर करत नाही. डेटा एक्सक्लुझिव्हिटी आली की ठरावीक वर्षं त्या माहितीचा आधार घेता येत नाही. पेटंट नसलं तरीही जेनेरिक अडकतं. आरसेपच्या वाटाघाटींत ही मागणी होती, आणि स्वित्झर्लंड, नॉर्वे यांच्या एफ्टा गटानेही ती केली होती. आपण ती मान्य केली नाही आणि तरीही १० मार्च २०२४ ला एफ्टाशी करार झाला. जुन्या औषधात किरकोळ बदल करून नवं पेटंट घेऊ न देणारं आपल्या पेटंट कायद्याचं कलम ३(ड), ज्याच्या आधारावर १ एप्रिल २०१३ ला सर्वोच्च न्यायालयाने कॅन्सरच्या ग्लिवेकचं पेटंट नाकारलं, तेही जागेवर आहे.

म्हणून रबाळेकर, तुमच्या भरपाईच्या कल्पनेशी मी अर्धीच सहमत आहे. नळीचा कारखाना बुडाला तर पैसे देता येतील. औषध परवडलं नाही म्हणून गेलेल्या माणसाची भरपाई कशी करणार? काही अटी सही करण्याआधीच नाकाराव्या लागतात.

हापूस_पॅकहाऊस:
अनघाताईंशी सहमत, पण उलट्या बाजूने. अटी आपल्या फायद्याच्याही असतात.

१ मे २०१४ ला युरोपीय संघाने आपला हापूस बंद केला तेव्हा शुल्काचा काही संबंध नव्हता. आधीच्या वर्षी खेपांमध्ये फळमाशी सापडली होती. ऐन हंगामात आंबा बांधून तयार आणि विमान बंद! प्रक्रिया आणि तपासणीची व्यवस्था दाखवल्यावर २०१५ च्या सुरुवातीला बंदी उठली. वाशीतलं विकिरण केंद्र, उष्णजल प्रक्रिया, ही सगळी उठाठेव मानकांसाठी आहे. नवीन करारांत अशा प्रश्नांसाठी समित्या असतात, ठरलेल्या मुदती असतात. करार नसेल तर एका पत्राने माल अडतो आणि बोलायला समोर कुणी नसतं. पॅकहाऊसमध्ये हंगामात काम करणाऱ्या बायकांचा वर्षाचा मोठा खर्च त्या दोन-अडीच महिन्यांच्या मजुरीवर निघतो. त्यांचं नाव या धाग्यात अजून आलं नव्हतं, म्हणून लिहिलं.

खाडीकाठ_दिवा:
नाव न आलेले आम्हीही आहोत.

माल वाढला की बंदर वाढतं, बंदर वाढलं की रस्ते, कंटेनर यार्ड, भराव. ठाणे खाडीला २०१५ मध्ये फ्लेमिंगो अभयारण्याचा दर्जा मिळाला, २०२२ मध्ये पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय रामसर यादीत नाव गेलं. त्याच काठावर टीटीसी (ठाणे-बेलापूर) औद्योगिक पट्ट्याचं रसायन वर्षानुवर्षं उतरलंय. निवट्या, चिंबोऱ्या, कालवं यांवर घर चालवणाऱ्या कोळणीला कुठल्या कराराचा फायदा झाला ते मला दाखवा.

अमेरिका, कॅनडा, मेक्सिको यांचा नाफ्टा करार १ जानेवारी १९९४ ला लागू झाला तेव्हा पर्यावरणाचा जोडकरार मोठ्या गाजावाजाने केला होता. तरीही मेक्सिकोत एका नगरपालिकेने घातक कचऱ्याच्या आवाराला परवाना नाकारला तेव्हा मेटलक्लॅड नावाच्या अमेरिकन कंपनीने त्याच नाफ्टाखाली दावा लावला, आणि २००० मध्ये लवादाने मेक्सिकोला दीड कोटी डॉलरहून जास्त भरपाई द्यायला लावली. भरपाई असते, फक्त ती कंपनीला असते. आपल्या एफ्टा करारात शाश्वत विकासाचं प्रकरण आहे, पण ते तंटा निवारणाच्या बाहेर ठेवलंय. मोडलं तर दाद कुठे मागायची?

न्हावाशेवा_सीएचए:
खाडी नासली ती सांडपाण्यामुळे, आणि ते रोखणारे कायदे आपल्याकडे १९७४ पासून आहेत. ते पाळले जात नाहीत याला परदेशी करार जबाबदार कसा? पर्यावरणाचा दबाव तर आता करारावाचूनही येतोय. युरोपची सीमेवरची कार्बन आकारणी १ जानेवारी २०२६ पासून प्रत्यक्ष लागू आहे. तळोज्यातून पोलाद किंवा अ‍ॅल्युमिनियम तिकडे पाठवणाऱ्याला कार्बनचा हिशोब द्यावाच लागतो. टेबलावर बसलो तर निदान मुदत, सवलत यांवर बोलता येतं.

जुना_ठाणेकर:
रबाळेकर, वागळे इस्टेट ही एमआयडीसीची पहिली वसाहत, १९६२ ची. तिथले अनेक कारखाने यातला एकही करार व्हायच्या आधी बंद पडले. जमिनीचे भाव, जकात, संप, जुनी यंत्रं, मालकांची पुढची पिढी. आज तिथे काचेच्या इमारती आहेत. कुठला कारखाना कशाने गेला हे वेगळं काढणार कसं? उद्या प्रत्येक बंद गाळा आसियानकडे बोट दाखवेल. तुमच्या निधीवर आधी हक्क सांगतील ते ज्यांनी पंचवीस वर्षांत एक मशीन बदललं नाही असे मालक.

रबाळेकर:
वेगळं काढता येतं. अमेरिकेत तीन कामगार मिळूनही अर्ज करू शकत आणि त्यांचं कामगार खातं चौकशी करायचं. आपल्याकडे व्यापार उपाय महासंचालनालय अँटी-डंपिंगच्या (बाहेरून पडेल भावाने आलेल्या मालाच्या) प्रकरणात देशी उद्योगाची हानी आजही मोजतं: उत्पादन, विक्री, भाव, रोजगार, सगळं. मोजायचं तंत्र आहे. ते मालकाच्या अर्जावर चालतं, कामगाराच्या अर्जावरही चालावं.

सुवर्णा_तुर्भे:
आणि ज्यांची पीएफला नोंदच नाही त्यांचं? टीटीसीत निम्मं काम ठेकेदारामार्फत होतं. गाळा बंद झाला की ठेकेदार दुसरीकडे जातो, हजेरीपट त्याच्याबरोबर जातो. चौकशी अधिकारी येईल तेव्हा त्याला 'इथे चारच माणसं होती' असं सांगितलं जाईल.

मला माथाडी मंडळाचा नमुना जास्त पटतो. १९६९ चा कायदा आहे, मार्केटात रोज दिसतो. हमाल एका मालकाचा नसतो, त्याची नोंद मंडळाकडे असते, मजुरीवर लेव्ही (टक्केवारीने वेगळा आकार) लागते आणि त्यातून भविष्यनिर्वाह, उपचार, रजा. तसंच, सवलतीच्या शुल्काने येणाऱ्या मालावर छोटी लेव्ही लावा आणि ती वसाहतीतल्या नोंदणीकृत कामगारांच्या मंडळाला द्या. कामगार ठेकेदाराचा असो की कायम, नोंद मंडळाची.

न्हावाशेवा_सीएचए:
सुवर्णाताई, मंडळाची कल्पना चांगली आहे, पण लेव्ही चालणार नाही. करारात ठरलेल्या दरापेक्षा आयातीवर वेगळा आकार लावला की तो कराराचा आणि गॅटच्या, म्हणजे जागतिक व्यापाराच्या मूळ कराराच्या, कलम २ चाही भंग ठरतो. पहिल्याच महिन्यात समोरचा देश तक्रार करेल.

सुवर्णा_तुर्भे:
मग आयातीवर लावू नका, तिजोरीतून द्या. शुल्क सोडताना किती महसूल सोडला याचा आकडा सरकार अर्थसंकल्पासोबत मांडतंच. सोडलेल्या रकमेचा ठरावीक वाटा मंडळाला, हे करारावर सही होईल त्याच दिवशी जाहीर करावं. किती टक्के यावर भांडू. पण आधी नोंदणी सुरू होऊ दे, कारण गाळा बंद झाल्यावर नोंद करायला माणूस सापडत नाही.