मदत हवी आहे: ऑनलाइन गेममधली पैदास आणि जास्तीच्या प्राण्यांचा प्रश्न

नमस्कार मंडळी,

एका छोट्या ऑनलाइन गेमसाठी प्राणी पकडणं, जमवणं आणि त्यांची पैदास करणं ही सगळी व्यवस्था आखायचं काम माझ्याकडे आहे. पकडण्याचा भाग चांगला जमलाय. पैदाशीपाशी मात्र गाडं अडलंय, आणि तेही एकाच प्रश्नावर: जन्माला आलेले प्राणी गेममधून बाहेर कसे जावेत? अशा व्यवस्था ज्यांनी बांधल्यात किंवा मनापासून खेळल्यात, त्यांची मदत हवी आहे. लिहिणं थोडं लांबलंय, पण आराखडा कळल्याशिवाय उत्तर देणं अवघड जाईल.

प्रत्येक प्रदेशात रानटी प्राणी फिरतात, खेळाडू ते पकडतो. रंग, नक्षी, शिंगं, शेपटी असे गुण; प्रत्येक गुणाच्या जीनच्या दोन प्रती, एक आईची, एक बापाची. प्रभावी जीन दिसतं, अप्रभावी लपून राहतं. शाळेत शिकलेला मेंडेल जसाच्या तसा ठेवलाय, कारण खेळाडूला हे नियम स्वतःहून उलगडता यावेत अशी माझी फार इच्छा आहे. लपलेलं जीन बाळगणाऱ्या दोन प्राण्यांची, म्हणजे वाहकांची, जोडी लावली तर सरासरी चारातलं एक पिलू लपलेला गुण दाखवतं, हे ज्याच्या लक्षात येईल त्याने वही-पेन घेऊन बसावं.

लपलेल्या जीनमुळे रानात जाण्यालाही अर्थ राहतो. समजा एखाद्या अप्रभावी जीनचं रानातलं प्रमाण १० टक्के आहे. तो गुण उघड दिसणारे प्राणी फक्त १ टक्का असतील, पण गुपचूप बाळगणारे १८ टक्के. म्हणजे अगदी साधा दिसणारा प्राणीही पकडावासा वाटतो. हे मला कुठल्याही परिस्थितीत गमवायचं नाही.

आता अडचण. पैदास म्हटलं की सगळ्यांना पोकेमॉन आठवतो. तिथे ती १९९९ च्या गोल्ड आणि सिल्व्हरपासून आहे. पुढच्या आवृत्त्यांत सहा स्टॅटना (हल्ला, वेग अशा क्षमतांना) प्रत्येकी ० ते ३१ असा जन्मजात आकडा आला. सहाच्या सहा ३१ असलेला प्राणी निव्वळ योगायोगाने मिळण्याची शक्यता सुमारे १०७ कोटींत एक. म्हणून पैदास करायची. २०१३ च्या एक्स आणि वायपासून डेस्टिनी नॉट ही वस्तू पालकाला दिली की दोघांच्या मिळून बारा आकड्यांपैकी पाच पिलात उतरतात. दोन्ही पालक परिपूर्ण असतील तर राहिलेला सहावा आकडा जुळायला ३२ त १ संधी, म्हणजे जवळपास हातातच. परिणाम असा की खेळाडू ढिगाने अंडी उबवतो, हवं ते पिलू ठेवतो आणि बाकीची सोडून देतो. बाजारावर ज्याचं सगळं उभं नाही अशा गेमला हे पचतं. आमच्याकडे खेळाडू आपसात प्राणी विकू शकतात, त्यामुळे ती सगळी पिलं बाजारात येणार आणि रानात पकडलेल्या प्राण्याला कोणी विचारणार नाही.

यावर ठरलेला उपाय म्हणजे पैदाशीवर मर्यादा. ॲक्सी इन्फिनिटी या प्राणी विकता येणाऱ्या ऑनलाइन गेममध्ये एक प्राणी जास्तीत जास्त सात वेळा पालक होऊ शकतो. मी हिशोब मांडून पाहिला. प्रत्येकाला सात संधी आणि एका पिलाला दोन पालक, म्हणजे दरडोई साडेतीन पिलं. सगळ्यांनी पूर्ण मर्यादा वापरली तर दर पिढी आधीच्या साडेतीनपट, आणि दहाव्या पिढीला मूळच्या एका प्राण्यामागे पावणेतीन लाख. पैदाशीसाठी लागणारं तिथलं चलन २०२१ मध्ये चढलं आणि २०२२ मध्ये कोसळलं, त्यामागे इतरही कारणं होती. पण नवे खेळाडू येत राहतील या भरवशावर पैदाशीची व्यवस्था उभी करू नये एवढं मी त्यातून घेतलंय.

मग प्राणी बाहेर जायला वाट हवी. म्हातारपणाने मरण ठेवलं तर गणित सुटतं, पण खेळाडूने नाव ठेवलेला, हौसेने वाढवलेला प्राणी मी मारणार नाही. याबाबत आमच्या गटात वाद नाही. ॲडॉप्ट मी या गेममध्ये पूर्ण वाढलेले चार सारखे प्राणी एकत्र करून एक निऑन, म्हणजे चमकणारा प्राणी, होतो आणि चार निऑनचा एक मेगा निऑन, म्हणजे एकासाठी सोळा खर्ची पडतात. उपाय परिणामकारक आहे. पण आमच्याकडे प्रत्येक प्राण्याला आई-बाप आणि वंशावळ आहे, तो कच्चा माल झालेला मला बघवणार नाही. फ्लाइट रायझिंग या ड्रॅगन पैदाशीच्या गेममध्ये नको असलेला ड्रॅगन देवतेच्या सेवेला कायमचा धाडता येतो आणि बदल्यात बक्षीस मिळतं. ही कल्पना मला जास्त जवळची वाटते.

त्यावरून सुचलेलं असं: खेळाडूने प्राणी रानात परत सोडायचा, आणि त्या प्राण्याचे जीन त्या प्रदेशाच्या रानटी साठ्यात खरोखर मिसळायचे. पुढच्या आठवड्यात तिथे पकडल्या जाणाऱ्या प्राण्यांत त्यांचा अंश दिसेल. सोडणं म्हणजे फेकून देणं राहणार नाही, रानाला काहीतरी देणं होईल. मला ही कल्पना मनापासून आवडते, म्हणूनच तिच्यातली भोकं दुसऱ्या कोणीतरी शोधावीत असं वाटतं. खेळाडूंनी मिळून एखादं दुर्मीळ जीन रानात भरभरून सोडलं तर दुर्मीळपणा संपेल का? कोणी मुद्दाम एखाद्या प्रदेशाचं वाटोळं करू शकेल का? आणि पैदाशीवर मर्यादा ठेवायचीच तर किती?

---

प्रतिसाद १

आधी मर्यादेबद्दल. पिढीची संख्या जशीच्या तशी राखणारा आकडा एकच आहे: दोन. प्रत्येकाला दोन संधी म्हणजे दरडोई एक पिलू, पुढची पिढी आधीच्याएवढीच. पण तुमच्याकडे मरण नाही, त्यामुळे जुनी पिढीही तिथेच राहते आणि एकूण संख्या संथपणे का होईना वाढतेच. मर्यादेने वेग कमी होतो, एवढंच.

शिवाय दोनची मर्यादा तुमच्या मेंडेललाच मारक आहे. चारात एक संधी आणि जोडीला दोनच पिलं, तर निम्म्याहून जास्त जोड्यांना, नेमकं सांगायचं तर ५६ टक्के जोड्यांना, हवा तो गुण कधीच दिसणार नाही. आठ पिलं दिली तरी दहातला एक खेळाडू रिकाम्या हाताने उठतो. ज्याने वही-पेन घेऊन नीट विचार केला त्यालाच शिक्षा झाल्यासारखं होईल. मी मर्यादा सहा-आठपर्यंत सैल ठेवेन, प्रत्येक पैदाशीनंतर थांबायचा काळ वाढवत नेईन (क्रिप्टोकिटीज या मांजरं पैदास करण्याच्या ऑनलाइन गेममध्ये असंच होतं) आणि खरा दाब जागेवर देईन. गोठ्यात जागा मोजकी असेल तर कोणाला ठेवायचं हा निर्णय खेळाडू रोज घेतो. जागा मात्र पैशाने विकू नका, नाहीतर सगळं मुसळ केरात.

---

प्रतिसाद २

रानात सोडायची कल्पना छान आहे, पण मोकाट ठेवलीत तर तुम्हाला वाटतेय ती भीती खरी ठरेल.

समजा एका दिवसात सोडलेल्या सगळ्या प्राण्यांचा मिळून परिणाम असा की रानातलं जीनचं प्रमाण त्यांच्या सरासरीकडे, फरकाच्या १ टक्क्याने, सरकतं. सगळे तेच दुर्मीळ जीन सोडत राहिले आणि उलट ओढ काहीच नसेल तर ते प्रमाण हळूहळू शंभर टक्क्यांकडे जाणार. म्हणून रानाला स्वतःची मूळ स्थिती असू द्या, आणि रोज त्या दिशेने थोडं मागे ओढा. तुमच्या १० टक्क्यांचंच उदाहरण घेऊ. रोज फरकाच्या ५ टक्के मागे ओढलं तर प्रमाण २५ टक्क्यांवर स्थिरावतं. ऐकायला बरं वाटतं, पण उघड दिसणारे प्राणी १ टक्क्यावरून सव्वासहा टक्क्यांवर जातात. दुर्मीळ गुण सहापट सहज झाला! ओढ २० टक्के केलीत तर प्रमाण साधारण १४ टक्क्यांवर थांबतं आणि दिसणारे २ टक्क्यांच्या आसपास. खेळाडूंना बदल जाणवेल, बाजार मोडणार नाही. अप्रभावी गुणात प्रमाणाचा वर्ग होतो, त्यामुळे तिथे जरा जास्तच जपा.

दुसरं म्हणजे, परिणाम सोडलेल्या संख्येवर अवलंबून ठेवू नका. दिवसाला दहा सुटोत की दहा हजार, वजन तेच १ टक्का. आणि सरासरी काढताना एका खात्याचं एका प्रदेशात दिवसाला एकच मत धरा, नाहीतर बॉटवाले (आपोआप खेळणारे प्रोग्राम चालवणारे) त्या सरासरीचे मालक होतील. वाटोळं करणाऱ्यांचं म्हणाल तर पूर्ण वाढवलेला प्राणीच सोडता येईल अशी अट घाला. वेळ खर्चून वाईटपणा करणारे फार थोडे असतात.

बक्षीस चलनात देऊ नका, असं माझं ठाम मत आहे. सोडण्याचे पैसे मिळायला लागले की सोडण्यासाठीच पैदास सुरू होते आणि तुमची बाहेर जायची वाट हीच कमाईची वाट बनते. त्या प्रदेशाच्या नोंदवहीत खेळाडूचं नाव, नाहीतर तिथल्या प्राण्यांचे माग ओळखायची क्षमता, असं काहीतरी द्या जे विकता येत नाही.

---

प्रतिसाद ३

तांत्रिक बाजू कोणी मांडली नाही म्हणून लिहितो.

पिलाचे जीन अंडं पडतानाच सर्व्हरवर ठरवून साठवा. उबताना ठरवलेत तर कनेक्शन तोडून पुन्हा पुन्हा नशीब आजमावणारे निघतीलच. एकच प्राणी एका खिडकीत विकायला लावलेला आणि दुसरीत जोडीला लावलेला, ही प्राण्यांच्या दुप्पट प्रती होण्याची नेहमीची वाट. प्राण्याची स्थिती एकाच ठिकाणी ठेवा (मोकळा, जोडीत, विक्रीत, रानात), बदलताना डेटाबेसमधली त्या प्राण्याची ओळ कुलूपबंद करा, आणि पैदास, थांबायचा काळ, अंड्याची नोंद हे सगळं एकाच व्यवहारात (एकतर सगळं, नाहीतर काहीच नाही) होऊ द्या. प्रत्येक विनंतीला क्रमांक असावा, म्हणजे नेट अडखळून तीच विनंती दोनदा आली तरी अंडं एकच.

नात्यातल्या जोड्यांचा विचार केलाय का? क्रिप्टोकिटीजमध्ये भावंडांची आणि पालक-पिलांची जोडी लागतच नाही. पाच पिढ्या मागे बघायचं म्हटलं तरी एका प्राण्याचे पूर्वज ६२ च भरतात, तपासणी जड नाही. पण सरसकट बंदीपेक्षा मला परिणाम दाखवणं आवडेल. सख्ख्या भावंडांच्या पिलाचा अंतःप्रजनन गुणांक (आई-बाप दोघांकडून एकाच पूर्वजाचं तेच जीन येण्याची शक्यता) १/४, एकच पालक सामाईक असलेल्या सावत्रांच्या १/८, चुलत-मावस भावंडांच्या १/१६. जितका गुणांक जास्त तितकी अंडं न उबण्याची शक्यता. म्हणजे नवं रक्त आणायला लोक पुन्हा रानात जातील, आणि तुम्हाला तेच हवंय.

आणखी एक. पुढेमागे पैशाने अंडी विकायचा विचार आलाच तर विकलेल्या अंड्यांतून संच पूर्ण केल्याचं मोठं बक्षीस ठेवू नका. जपानमध्ये २०१२ साली याच धर्तीच्या कम्प्लीट गाचावर (पैसे देऊन नशिबाने मिळणाऱ्या वस्तूंचा संच पूर्ण केल्यावर बक्षीस) बंदी आली.

---

धागाकर्ती

तिघांचेही मनापासून आभार. जागेचा दाब आणि रानाची मागे ओढणारी मूळ स्थिती, दोन्ही घेतेय. बक्षिसाबद्दलही पटलं, माग ओळखण्याची क्षमता आमच्या पकडण्याच्या भागात छान बसेल. गुणांकाचा परिणाम अंड्यावरच ठेवीन, आजारी किंवा पांगळं पिलू दाखवणार नाही. अंडी विकायचा विचार नाही.

एक शंका उरलीच. सोडलेल्या प्राण्याची ओळ डेटाबेसमधून काढून टाकायची की ठेवायची? ठेवली तर तो प्राणी, खेळाडूने दिलेल्या नावासकट, रानात कधीतरी पुन्हा दिसावा असं मला फार वाटतं.

---

प्रतिसाद ३

ठेवा. वंशावळीसाठी ती ओळ लागणारच आहे, फक्त स्थिती 'रानात' करा. दिसू देतही चला, पण पुन्हा पकडता येणार नाही असं ठेवा, मूळ मालकालाही नाही. पकडता आला तर एका खात्यातून सोडायचा आणि दुसऱ्यातून धरायचा, अशी फुकटची देवाणघेवाण सुरू होईल आणि जागेची मर्यादा कागदावरच राहील. प्रदेशात शिरताना त्या खेळाडूच्या सोडलेल्यांपैकी एखादाच, क्वचित, फक्त त्याच्या पडद्यावर काढा. सर्व्हरला त्या दिसण्याची खबरही ठेवावी लागणार नाही.