किंग्स्टनच्या रात्री: तुम्ही दोरीच्या कुठल्या बाजूला होतात?

उनाड_पाऊस (धागाकर्ता)

परवा इथे कुणीतरी लिहिलं, "कॅरिबियनमध्ये काय, सगळे एकत्र नाचतात, उच्चनीच नाही." हात शिवशिवले. जमैकात चार वर्षं कॉल सेंटरमध्ये ट्रेनर होतो, म्हणून हा धागा काढतोय.

किंग्स्टनमध्ये ओळख झाली की दुसराच प्रश्न "राहतोस कुठे?" आपल्याकडे आडनाव विचारतात ना, तसा. डोंगराकडचं ते अपटाउन, बंदराकडचं डाउनटाउन, मध्ये क्रॉस रोड्स आणि हाफ वे ट्री. वर चढावं तशी कुंपणं उंच होतात आणि माणसांचा रंग उजळत जातो.

आमची टीम शुक्रवारी न्यू किंग्स्टनला, नट्सफर्ड बुलेव्हार्डवर जायची. चौदापैकी तिघी साडेनऊला उठायच्याच. मला वाटायचं, चर्चवाल्या असतील. सहा महिन्यांनी त्यांतली एक बोलली. रात्री उशिरा तिच्या गल्लीकडे शेअर टॅक्सी जात नाही आणि 'चार्टर' करायची, म्हणजे अख्खी गाडी, तर दिवसाची कमाई त्यातच जाते. शिवाय क्लबच्या दारावर आधी पायातले बूट बघतात. मग म्हणाली, "बुधवारी तू आमच्याकडे ये. तिकीट नाही."

गेलो. भर रस्त्यात दुमजली घराएवढे स्पीकर, छातीच्या पिंजऱ्यात धडधड, खांद्यावर कॅमेरा आणि त्यावर झगझगीत दिवा लावलेला व्हिडिओवाला. तो दिवा जिच्यावर थांबेल ती त्या रात्रीची राणी. दीडच्या सुमाराला थांबला तो आमच्या टीममधल्या हिच्यावर! जिला मी रोज "फोनवर जरा आवाज मोठा ठेव" म्हणून सांगायचो, तिच्यासाठी गर्दी बाजूला सरकत होती आणि मी भिंतीला टेकून बाटली धरून उभा.

कडेला वरच्या वस्तीतल्या मोठ्या गाड्याही लागल्या होत्या. म्हणजे वरचे खाली येतात, नाचतात, घरी जातात. खालच्यांना वर जायचं तर टॅक्सी, बूट, तिकीट. रस्ता एकेरी आहे, एवढंच माझं म्हणणं. तुमचं लिहा.

जुनी_वही

२००४च्या सुमाराला तिथे होते. तेव्हा 'पासा पासा'ची हवा होती. डाउनटाउनकडच्या टिव्होली गार्डन्स या वस्तीपाशी, स्पॅनिश टाउन रोडवर, २००३ला सुरू झालेला रस्त्यावरचा नाच. बुधवारी मध्यरात्रीनंतर रंगायचा आणि गुरुवारी सकाळी गणवेशातली पोरं शाळेला निघाली तरी चालू. दिवसा ज्या वस्तीचं नाव काढलं की आमची घरमालकीण क्रूस करायची, तिचाच मुलगा दर बुधवारी तिथे! गाडीला ओरखडा येत नसे. कारण सरळ होतं, वस्तीवर 'डॉन'चा वचक. पाहुण्याला हात लावायची कुणाची बिशाद नव्हती.

उनाडदादा, तुम्ही दिव्याचं लिहिलंत, त्यात एक राहिलं. त्या दिव्यात चेहरा उजळ दिसावा म्हणून कितीतरी मुली क्रीम चोळून कातडी सोलवटून घ्यायच्या. जवळून पाहिलं की गालावर लालसर चट्टे आणि बोटांची पेरं मात्र काळीच. आमच्या लहानपणी घरोघरी असलेली ती गोरेपणाची ट्यूब आठवली.

मे २०१०मध्ये त्या डॉनला, क्रिस्टोफर 'डुडुस' कोकला, अमेरिकेच्या ताब्यात द्यायला पकडायचं म्हणून फौज टिव्होलीत घुसली. सत्तरच्या आसपास माणसं मेली. पासा पासाही तिथेच संपला. मालकिणीच्या मुलाला फक्त बुधवारसाठी दुसरी जागा शोधावी लागली.

अनु_परदेशी

शीर्षकातल्या दोरीवरून लिहायलाच हवं. किंग्स्टनचा कार्निव्हल १९९०पासूनचा, बँडवाल्या बायरन लींनी त्रिनिदादच्या धर्तीवर सुरू केलेला. ईस्टरनंतरच्या रविवारी मिरवणूक असते. पिसांच्या पोशाखाला शेकडो अमेरिकन डॉलर मोजायचे, मग खाणंपिणं त्यातच. पथकाभोवती जाड दोर धरून सिक्युरिटीची माणसं चालतात. पैसे भरलेले आत, बाकी शहर फुटपाथवर.

मी एकदा हौसेने भाग घेतला. घामाघूम होऊन दोराजवळ आले तर समोर आमच्या घरी कामाला येणाऱ्या बाई! नातीला कडेवर घेऊन उभ्या. मी हात केला, आत या म्हटलं. दोरवाल्याने मान हलवली. त्याच म्हणाल्या, "मिस अनु, तुम्ही जा, गाडी पुढे जातेय."

सोमवारी कामाला आल्या त्या फोन पुढे करतच. माझा व्हिडिओ! "मिस अनु, कंबर हलते हो तुमची, पण उशिरा हलते." मी हसले. मग भांडी त्यांनीच घासली.

तिखट_मीठ

१८४५पासून आपल्याकडचे मजूर तिथे ऊसमळ्यांत गेले, त्यांच्याबरोबर गेलेले 'गांजा' आणि 'चिलम' हे शब्द अजून तिथे जसेच्या तसे आहेत. थोडा गांजा बाळगणं हा फौजदारी गुन्हा राहिला नाही तो २०१५मध्ये. तोवर गल्लीतली पोरं आत जायची आणि टेकडीवरच्या बंगल्यातला धूर कुणाला दिसायचा नाही.

चंद्रभागा

थोडा विरोध. मी त्रिनिदादच्या राजधानीत, पोर्ट ऑफ स्पेनमध्ये राहिले. तिथेही भरमसाट तिकिटाच्या पार्ट्या आहेतच, पण पहाटे तीनला अरियापिटा अव्हेन्यूवर डबल्सच्या गाडीपुढे सगळे एकाच रांगेत. डबल्स म्हणजे दोन मऊ 'बारा' (आपल्या वड्याचा चपटा, हळदीचा भाऊ) आणि मध्ये छोले. विकणारा बहुतेक भारतीय वंशाचा. बँकवाला असो की बाउन्सर, त्याचा प्रश्न एकच, "पेपर?", म्हणजे मिरची. किती ते सांगायचं, कागदावर घ्यायचं, उभ्यानेच खायचं, कोपरापर्यंत ओघळ.

उनाड_पाऊस

@चंद्रभागा, रांग एक, मान्य. खाऊन झाल्यावर कोण कशाने घरी गेलं ते पाहिलंत का?

चंद्रभागा

नाही पाहिलं. मी माझ्या गाडीत होते.

बारा_गावचं_पाणी

आवाजाचं कुणी लिहिलं नाही. जमैकात १९९७च्या कायद्याने कार्यक्रम आठवड्यात बाराला आणि शुक्रवार-शनिवारी दोनला बंद करायचे. गंमत अशी की रस्त्यावरच्या नाचाला माणसंच येतात एकनंतर. पोलीस येऊन 'लॉक ऑफ' म्हणाले की डीजेचं नुकसान होतं तेवढं होतं, खरा मरतो तो तेलाचं पिंप आडवं कापून त्यावर जर्क चिकन भाजणारा, शेंगदाणेवाला आणि बाटल्या वेचणारी म्हातारी. बंद काचांच्या एसी क्लबला ही भीती नाही. तेव्हा मी टेकडीवर राहायचो आणि खालचा ठोका ऐकू आला की तक्रारीचा फोन करणाऱ्यांत मीही होतो, हेही लिहून टाकतो.

सह्याद्री_०७

पुढच्या महिन्यात ऑफिसच्या कामाने जातोय. एखादा नाच बघायचा तर कुठे?

उनाड_पाऊस

मी होतो तेव्हा बुधवारी बर्लिंग्टन अव्हेन्यूला, स्टोन लव्हच्या आवारात. १९७२पासूनची साउंड सिस्टीम आहे, म्हणजे स्पीकर घेऊन नाच लावणारा डीजेंचा ताफा. आता काय चालतं ते ऑफिसातल्या लोकांना विचार. मॅनेजरला नको, रिसेप्शनवरच्या मुलीला विचार. आणि येतानाची टॅक्सी आधी ठरव, तिचीही. साडेबाराच्या आत जाऊ नकोस, चिकनवाला तेव्हा नुकता कोळसे पेटवत असतो.