मदत हवी आहे : पक्षादेश असताना सभागृह सरकारवर अंकुश कसा ठेवते, हे आठवीच्या मुलांना कसे शिकवावे?

नमस्कार. मी करवीर तालुक्यातील एका माध्यमिक शाळेत आठवीला नागरिकशास्त्र शिकवते. सध्या संसदीय शासनपद्धतीचा पाठ चालू असून त्यात मी एका ठिकाणी अडले आहे : सभागृहात कसे मत द्यायचे हे पक्षच आपल्या सदस्यांना पक्षादेश (व्हिप) काढून सांगत असेल, तर सभागृहाचा सरकारवर अंकुश राहतो कसा?

सुरुवात एका मुलीच्या प्रश्नाने झाली. "मॅडम, सरपंचाला थेट मत देत्यात, मग मुख्यमंत्र्याला का न्हाई?" प्रश्न रास्तच होता, कारण २०२२ पासून आपल्याकडे सरपंच पुन्हा थेट जनतेतून निवडला जातो आणि मुलांनी निवडणूक जवळून पाहिलेली असते ती ग्रामपंचायतीचीच. म्हणून मी दूध संस्थेचे उदाहरण घेतले. वर्गातील बहुतेकांच्या घरी म्हैस आहे आणि किटली घेऊन संस्थेत जाण्याचे काम मुलांकडेच असते. सभासद संचालक निवडतात, संचालक आपल्यातून चेअरमन निवडतात आणि संचालकांचा विश्वास उडाला तर अविश्वास ठराव येतो, हे त्यांना घरातल्या बोलण्यातून ठाऊक होते. त्याच आकृतीत मी मतदार, २८८ आमदार आणि मंत्रिमंडळ अशी वर्तुळे काढली, बहुमताचा १४५ हा आकडा लिहिला आणि शेजारी लोकसभेचे ५४३ व २७२ मांडले. "मग सेक्रेटरी म्हणजे राज्यपाल का?" असे एकाने विचारले. सेक्रेटरी हा पगारी नोकर, त्यामुळे तो मुख्य सचिवांच्या जवळचा. राज्यपालांच्या नावाने कारभार चालतो, पण तो मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने, आणि असे पद दूध संस्थेत नसतेच, हे मला वेगळे सांगावे लागले.

खरी अडचण पुढे आली. मंत्रिमंडळ लोकसभेला सामूहिकरीत्या जबाबदार असते, हे समजावताना मी १७ एप्रिल १९९९ चा दाखला दिला. त्या दिवशी वाजपेयी सरकारच्या बाजूने २६९ आणि विरोधात २७० मते पडली व सरकार एका मताने गेले. वर्ग एकदम शांत झाला. दुसऱ्या दिवशी पक्षांतरबंदी कायदा शिकवला : १९८५ पासून पक्षादेशाविरुद्ध मत देणाऱ्या सदस्याचे सदस्यत्व जाऊ शकते. त्यावर मागच्या बाकावरील एक मुलगा म्हणाला, "मग पक्षानं सांगितल्याशिवाय सरकार पडणारच न्हाई की." मी त्याला सांगितले की १९९९ मध्ये अण्णाद्रमुक या पक्षानेच पाठिंबा काढून घेतला होता, म्हणजे सरकार अनेक पक्षांच्या आधारावर उभे असेल तेव्हा तो आधार सुटू शकतो. परंतु एकाच पक्षाकडे बहुमत असेल तर काय, याचे समाधानकारक उत्तर मला तासाला देता आले नाही.

माझ्या मते उत्तर रोजच्या कामकाजात आहे. तारांकित प्रश्नाला मंत्र्याला सभागृहात उभे राहून उत्तर द्यावे लागते आणि त्यावर उपप्रश्न येतात. तातडीच्या विषयाकडे मंत्र्याचे लक्ष वेधणाऱ्या लक्षवेधी सूचना असतात. सरकारी खर्चाचे हिशेब तपासणाऱ्या संसदेच्या लोकलेखा समितीचे अध्यक्षपद तर १९६७ पासून प्रथेने विरोधी पक्षाकडे असते. सरकार पाडण्यापेक्षा त्याला उत्तर द्यायला लावणे हे सभागृहाचे मोठे काम आहे, असे मला मनापासून वाटते, पण ते नुसते सांगून तेरा वर्षांच्या मुलांना जाणवत नाही.

म्हणून ४२ मुलांची अभिरूप विधानसभा, म्हणजे वर्गातच विधानसभेचा खेळ, घेण्याचे ठरवले आहे. मला ३५ मिनिटांच्या दोन तासिका मिळतील. ज्यांनी असा उपक्रम घेतला आहे, त्यांनी कृपया सांगावे की पहिल्याच खेळात पक्षादेश ठेवावा, की आधी मोकळे मतदान घेऊन नंतर तो आणावा, म्हणजे फरक मुलांना स्वतःच दिसेल? प्रश्नोत्तरांसाठी शाळेतील पाण्याची टाकी आणि पोषण आहार हे विषय घ्यावेत, असा विचार आहे. तसे असल्यास "मंत्री" झालेल्या मुलांना खरी माहिती आधी कोठून व किती द्यावी? आणि आमदाराचे स्वतःचे मत पक्षाच्या बैठकीत कसे मांडले जाते, हे दाखवण्याची एखादी सोपी रीत कोणाला सुचत असेल तर तीही हवी आहे.