मदत हवी आहे: दर दीड महिन्याने रात्रीचा बॅकअप बंद पडतो, हाताने चालवला की चालतो

खानापूर_क्लार्क (गुरुवार, सकाळी)

नमस्कार. मी खानापूर तालुक्यातल्या (बेळगाव जिल्हा) एका छोट्या सौहार्द संस्थेत, म्हणजे सहकारी पतसंस्थेत, क्लार्क आहे. कॉम्प्युटरचं रीतसर शिक्षण नाही, पण सर्व्हरचं जे काही असेल ते माझ्याच टेबलावर येतं.

विंडोज सर्व्हर २०१९ आहे. डोमेन (सगळ्या मशीनची खाती एका जागी सांभाळणारी व्यवस्था) नाही, साधा वर्कग्रुप, प्रत्येक मशीनची खाती वेगळी. त्यावर डेटाबेससाठी एसक्यूएल सर्व्हर एक्सप्रेस, म्हणजे फुकटची आवृत्ती. एक्सप्रेसमध्ये ठरल्या वेळी कामं चालवणारा एजंट येत नाही, म्हणून सॉफ्टवेअर बसवणाऱ्यांनी एक बॅच फाइल (ओळीने कमांड लिहिलेली) करून ती विंडोजच्या टास्क शेड्युलरला लावून दिली. रात्री साडेअकराला ती डी ड्राइव्हवर डेटाबेसचा बॅकअप घेते आणि रोबोकॉपी या विंडोजच्या कॉपी कमांडने मागच्या खोलीतल्या नासवर (नेटवर्कला जोडलेला डिस्कचा डबा) टाकते. आमच्याकडे तो झेड ड्राइव्ह म्हणून दिसतो.

काल १ जुलैच्या रात्री टास्क चालला नाही. याआधी २० मेला हेच झालं, त्याआधी ८ एप्रिलला. तिन्ही तारखांना मी भिंतीवरच्या कॅलेंडरवर लाल पेनाने गोल केलाय. तिन्ही बुधवार. आमच्या गावचा बाजार बुधवारी असतो, त्यामुळे लाइटचा दाब कमी होत असेल असं वाटून यूपीएसवाल्यालाही बोलावून झालं. बॅटरी चांगली आहे म्हणाला.

बॅच फाइलवर डबल क्लिक केलं की सगळं व्यवस्थित होतं. दोन्ही वेळा टास्क डिलीट करून नवा केला, तेव्हा पुन्हा चालू झाला. टास्क माझ्याच लॉगिनवर आहे, मी ॲडमिन आहे.

रोज संध्याकाळी पिग्मी एजंट मशीन घेऊन येतात आणि दिवसाची वसुली आम्ही उतरवून घेतो. पन्नास-शंभर रुपये रोज भरणारी भाजीवाली, टपरीवाली माणसं आहेत ही. एका दिवसाची नोंद गेली तर त्यांच्याकडे पावतीच्या चिटोऱ्याशिवाय काही नसतं. म्हणून कृपया नीट समजावून सांगा, तात्पुरता उपाय नको.

टिळकवाडी_टेक

ताई, तुमच्याकडे कन्नड की-बोर्ड आहे का? सहकार खात्याला रिपोर्ट कन्नडमध्ये जातात म्हणून पुष्कळ ठिकाणी नुडी हे कन्नड टायपिंगचं सॉफ्टवेअर बसवलेलं असतं. पासवर्ड टाकताना भाषा बदललेली असली तर भलताच पासवर्ड सेव्ह होतो. मी एकदा यात अख्खी दुपार घालवलीय.

खानापूर_क्लार्क

नुडी आहे, पण शेजारच्या मशीनवर. सर्व्हरवर फक्त इंग्रजी.

निपाणीकर_नेटवर्क

ताई, तुमच्या कॅलेंडरनेच उत्तर दिलंय. ८ एप्रिल ते २० मे किती दिवस? ४२. २० मे ते १ जुलै? पुन्हा ४२. सहा आठवडे म्हणजे ४२ दिवस, म्हणून दर वेळी बुधवारच येतो. बाजाराचा काही संबंध नाही.

विंडोजमध्ये लोकल खात्याच्या पासवर्डची मुदत मुळातच ४२ दिवसांची ठेवलेली असते. ती संपली की लॉगिन करताना नवा पासवर्ड मागतो. तुम्ही तो देता आणि कामाला लागता. पण टास्क तयार करताना जो पासवर्ड दिला होता, तो शेड्युलरने आपल्याकडे वेगळा जपून ठेवलेला असतो. तुम्ही पासवर्ड बदललाय हे त्याला कोणी कळवत नाही. रात्री तो जुनाच घेऊन जातो आणि दारातून परत येतो.

डबल क्लिक का चालतं, तर तेव्हा तुम्ही आधीच आत असता, पासवर्ड लागतच नाही. म्हणून ती चाचणी धरू नका. शेड्युलरमध्ये टास्कवर राइट क्लिक करून रन म्हणा, मग खरं काय ते दिसेल. आणि उजवीकडे हिस्टरी चालू करा, ती मुळात बंद असते. चालू केल्यावर एकदा रन करा आणि १०१ किंवा १०४ नंबरच्या नोंदीत जो लांबलचक आकडा असेल तो इथे टाका.

खानापूर_क्लार्क

होय हो! चार-पाच दिवस आधीपासून पासवर्ड संपत आल्याची सूचना येत असते, मी ती बंद करत असते. आणि बदलायची वेळ येते तेव्हा काउंटरसमोर लाइन लागलेली असते, त्यामुळे हे दोन्ही जोडून कधी पाहिलंच नाही.

राइट क्लिक करून रन केलं. १०४ नंबरची नोंद आली. आकडा २१४७९४३७२६.

निपाणीकर_नेटवर्क

त्यातून २१४७९४२४०० वजा करा. १३२६ उरतात. कमांड प्रॉम्प्टमध्ये नेट हेल्पमेसेज १३२६ असं द्या, युजरनेम किंवा पासवर्ड चुकीचा असं स्वच्छ सांगेल. अशा लांब आकड्यांना ही वजाबाकी करायची सवय लावून घ्या, फार उपयोगी पडते.

आता पासवर्ड पुन्हा टाकलात तर आज चालेल आणि १२ ऑगस्टला परत बंद पडेल. तेव्हा टास्क तुमच्या लॉगिनवर ठेवूच नका. उद्या तुमची बदली झाली, रजा झाली, तर बॅकअपचं काय? नवं लोकल खातं काढा, फक्त याच कामासाठी. पासवर्ड लांबलचक ठेवा, मुदत नसलेला अशी खूण करा, लिहून पाकिटात घालून सेक्रेटरींच्या तिजोरीत ठेवा. ॲडमिन करू नका.

चिकोडीकर

एवढं कशाला? टास्क सिस्टिम या विंडोजच्या अंगच्या खात्यावर टाका, पासवर्डचा प्रश्नच मिटला. नाहीतर बॅच फाइलमध्येच नेट यूज (नेटवर्कवरचा ड्राइव्ह जोडायची कमांड) लिहून नासचा पासवर्ड देऊन टाका.

निपाणीकर_नेटवर्क

भाऊ, सिस्टिमला पासवर्ड लागत नाही हे बरोबर, पण नेटवर्कवर ते खातं मशीनच्या नावाने जातं. वर्कग्रुपमधला नास त्या मशीनला ओळखत नाही, म्हणजे कॉपी तिथेच अडणार. शिवाय त्या बॅच फाइलमध्ये कोणी एक ओळ वाढवली तर ती सर्व्हरच्या पूर्ण अधिकाराने चालेल. आणि फाइलमध्ये उघडा पासवर्ड लिहिणं पैशाच्या संस्थेत तरी करू नये. ती फाइल नोटपॅडमध्ये कोणीही उघडतो.

साखर_कारखाना_आयटी

आमच्याकडे डोमेन आहे, म्हणून आम्ही ग्रुप मॅनेज्ड सर्व्हिस अकाउंट वापरतो. सर्व्हर २०१२ पासून ही सोय आहे. त्याचा पासवर्ड दर ३० दिवसांनी डोमेन स्वतःच बदलतं आणि तो कुणा माणसाला माहीतही नसतो. ताईंना डोमेन नाही, त्यामुळे उपयोग नाही. पण ज्यांच्याकडे आहे त्यांनी हाच मार्ग धरावा.

खानापूर_क्लार्क (शुक्रवार)

नवं खातं काढलं, नाव ठेवलं रात्रपाळी. टास्क त्याच्यावर टाकला, युजर लॉगिन असो वा नसो चालवा हा पर्याय निवडला. रन केलं, पुन्हा बंद. आता आकडा २१४७९४३७८५. वजाबाकी केली, १३८५. हेल्पमेसेज म्हणतो की या प्रकारे लॉगिन करायचा अधिकार दिलेला नाही. सेव्ह करताना एक सूचना आली होती, मी ओके दाबलं.

निपाणीकर_नेटवर्क

त्याच सूचनेत हे लिहिलं होतं. मागच्या दाराने कामापुरतं आत येण्याला वेगळा परवाना लागतो, त्याचं नाव लॉग ऑन ॲज अ बॅच जॉब. ॲडमिनिस्ट्रेटर्सना तो आधीपासून असतो, म्हणून तुमच्या लॉगिनवर कधी अडलं नाही. सेकपॉल (लोकल सिक्युरिटी पॉलिसी) उघडा, लोकल पॉलिसीज, मग युजर राइट्स असाइनमेंट, तिथे रात्रपाळी जोडा.

बॅकअप ऑपरेटर्स गटात टाकूनही हे सुटतं, कोणीतरी तसं सुचवेलच. करू नका. त्या गटाला मशीनवरची कोणतीही फाइल वाचता येते.

खानापूर_क्लार्क (शनिवार)

परवाना दिला. टास्क सुरू झाला! पण निकालात शून्य एक्स दहा.

टिळकवाडी_टेक

तो दहा सोळा-अंकी पद्धतीतला, म्हणजे आपला १६. रोबोकॉपी १६ देतो तेव्हा काहीच कॉपी झालेलं नसतं. झेड ड्राइव्ह तुमच्या लॉगिनने जोडलेला आहे ना? तो तुमच्यापुरताच. रात्रपाळीच्या दृष्टीने मशीनला झेड नावाचं काही नाहीच. बॅच फाइलमध्ये झेड काढून पूर्ण पत्ता लिहा: डबल बॅकस्लॅश, नासचं नाव, मग शेअरचं नाव. नासवरही रात्रपाळी नावाचाच युजर काढा, पासवर्ड अक्षरन् अक्षर तोच, आणि त्या एकाच फोल्डरवर लिहायचा अधिकार द्या. टास्कमध्ये पासवर्ड साठवू नका अशी एक चौकट आहे, तिच्यावर टिक नको. ती असली तर टास्कला नेटवर्क मिळत नाही.

खानापूर_क्लार्क (सोमवार)

सगळं सांगितल्याप्रमाणे केलं. काल रात्रीचा निकाल शून्य! ऑपरेशन यशस्वी असं लिहून आलंय. तुम्हा सगळ्यांचे मनापासून आभार. धागा बंद करायला हरकत नाही.

निपाणीकर_नेटवर्क

अक्का, थांबा. रोबोकॉपीत शून्य म्हणजे नवीन कॉपी करण्यासारखं काही सापडलं नाही. नासवरच्या बॅकअप फाइलची तारीख आणि वेळ बघून सांगा.

खानापूर_क्लार्क

शनिवार, संध्याकाळी ६ वाजून १० मिनिटं. ती मी डबल क्लिकने घेतलेली. काल रात्रीची फाइल डी ड्राइव्हवरही नाही. वाचून हातपाय गार पडले.

निपाणीकर_नेटवर्क

घाबरू नका, शनिवारचा बॅकअप हातात आहे. रात्रपाळीला विंडोजने आत घेतलं, पण डेटाबेसचं दार वेगळं असतं. तिथे त्या खात्याला बॅकअप घ्यायची परवानगी नाही. तुमच्या ॲडमिन लॉगिनला ती होती. बॅकअप झाला नाही तरी बॅच फाइल पुढच्या ओळीवर गेली, रोबोकॉपीला जुनीच फाइल दिसली आणि शून्य आला. अपयशापेक्षा असलं खोटं यश जास्त धोक्याचं.

एसक्यूएलच्या मॅनेजमेंट स्टुडिओत रात्रपाळीचं लॉगिन काढा, तुमच्या डेटाबेसवर फक्त डीबी बॅकअप ऑपरेटर हा रोल द्या. डी ड्राइव्हवर ती फाइल लिहिते एसक्यूएल सर्व्हरची सेवा, रात्रपाळी नव्हे, तेव्हा तिथे लिहायचा अधिकार वेगळा द्यायला नको, वाचायचा पुरे. आणि बॅच फाइलमध्ये दोन सुधारणा करा. एसक्यूएलसीएमडीला (डेटाबेसला कमांड देणारा प्रोग्रॅम) डॅश बी हा चूक झाल्यावर थांबून तसं कळवायला लावणारा पर्याय जोडा आणि त्याने चूक परत केली तर फाइल तिथेच थांबवा. शेवटी रोबोकॉपीचा आकडा ८ किंवा जास्त असेल तरच अपयश धरा.

खानापूर_क्लार्क (मंगळवार)

काल दुपारी रोल दिला, बॅच फाइलमध्ये डॅश बी आणि थांबण्याची ओळ घातली. आठची ओळ अजून घातलेली नाही. रात्री निकाल शून्य एक्स एक आलाय. आता काय चुकलं?

टिळकवाडी_टेक

काही नाही. रोबोकॉपीचा एक म्हणजे फाइल कॉपी झाली. आठची ओळ घातलीत की शेड्युलरमध्ये शून्य दिसेल, आणि तो खरा असेल. पण फाइल आहे म्हणजे बॅकअप आहे असं धरू नका. दुसऱ्या एखाद्या मशीनवर, वेगळ्या नावाने, एकदा रिस्टोअर करून बघा.

खानापूर_क्लार्क (बुधवार)

स्टोअरमधल्या जुन्या पीसीवर एक्सप्रेस टाकून काल रात्रीची फाइल रिस्टोअर केली. पंचवीस मिनिटं लागली. पिग्मीची खातेवार बाकी काढली आणि मंगळवारच्या रोजकीर्दीशी लावून पाहिली. सेक्रेटरी शेजारी उभे होते. तेरीज रुपयाला रुपया जुळली.

रात्रपाळीचा पासवर्ड पाकिटात घालून लाखेने बंद करून तिजोरीत ठेवलाय. १२ ऑगस्टला माझा पासवर्ड परत बदलेल, बुधवारच आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी नासवरच्या फाइलची तारीख इथे लिहिते.