अनुभव धागा: गोव्याच्या पावसात परसातल्या कोंबड्यांचे खुराडे आणि मोकळा वावर

परसात पाच-पंचवीस कोंबड्या पाळणाऱ्यांसाठी हा धागा. देशावरच्या कोरड्या हवेला चालणारे खुराडे गोव्यात पहिल्याच आषाढात कुजते. जून ते सप्टेंबर इथे साधारण तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो. मापे, सामान आणि काय बिघडते ते नेमके लिहा. गावठी की गिरिराज-वनराज या सुधारित जाती तेही सांगा, कारण दोघींची गरज वेगळी असते.

डिचोलीहून

खुराडे बांधण्याआधी भर पावसात छत्री घेऊन परसात उभे राहायचे आणि पाणी कुठून येते, कुठे तुंबते ते बघायचे. जाळी, खिळे, पत्रे यांचा विचार नंतर.

बारा कोंबड्यांना ६ बाय ४ फुटांचे खुराडे, म्हणजे पक्ष्यामागे २ चौरस फूट. दिवसभर मोकळ्या फिरणाऱ्यांना दीड फूटही पुरतो असे म्हणतात, पण संततधार लागली की चार-चार दिवस कोंबड्या बाहेर पडत नाहीत. हिशेब त्या चार दिवसांचा धरावा. लांबी पूर्व-पश्चिम ठेवली की ऊन आत घुसत नाही. पाऊस नैऋत्येकडून झोडपतो, म्हणून दक्षिण आणि पश्चिम बाजूला छप्पर तीन फूट पुढे काढायचे आणि मेअखेरीस त्या दोन बाजूंना चुडतांचे (माडाच्या झावळ्यांचे) विणलेले झाप बांधायचे. प्लॅस्टिकची ताडपत्री घट्ट ताणून चारही बाजू बंद करू नका. आत वाफ कोंडते आणि सर्दी-घरघर सुरू होते. छपराखालची एक वीत फट बाराही महिने उघडीच हवी.

जोते चिऱ्याच्या (जांभा दगडाच्या) दोन थरांचे. इथे एक चूक हमखास होते: जांभा पाणी शोषतो, आणि नुसत्या चिऱ्यावर कोबा घातला की ओल खालून वर चढते. कोब्याखाली जाड प्लॅस्टिक अंथरा, आणि दाराकडे चार फुटांना एक इंच उतार द्या. कोब्यावर तूस, म्हणजे भाताची टरफले, पसरायची.

बसायच्या दांड्या दोन, प्रत्येकी सहा फुटांच्या. एका कोंबडीला दहा इंच जागा लागते. जाडी दीड ते दोन इंच, कडा घासून गोल केलेल्या, दोन दांड्यांत सव्वा फूट अंतर आणि दोन्ही एकाच उंचीवर. उंच-सखल लावल्या की वरच्या जागेसाठी रोज मारामारी होते आणि खालच्यांच्या अंगावर शीट पडते. गिरिराज-वनराज जड असतात, त्यांना दोन फुटांपेक्षा जास्त उंची नको. रोज उंचावरून उडी मारून तळपायाला गाठ धरते आणि कोंबडी लंगडू लागते. अंड्यांसाठी चार-पाच कोंबड्यांमागे एक खोका, एक फूट लांब-रुंद-उंच, दांडीपेक्षा खाली ठेवलेला. वर असला तर त्यातच झोपतात आणि अंडी बरबटतात.

वाळपईकडून

सत्तरी तालुक्यात रान अंगणाला लागून आहे, त्यामुळे रात्र हाच खरा प्रश्न. षटकोनी कोंबडीजाळी कोंबडीला आत ठेवते, पण शत्रूला बाहेर ठेवत नाही. कुत्रा ती दातांनी फाडतो. अर्ध्या इंची चौकोनी वेल्डमेश घ्या. एक इंची भोकातून उंदीर आणि लहान साप सहज आत येतात. अंडे किंवा पिल्लू गिळल्यावर पोट फुगलेला साप त्याच भोकातून बाहेर जाऊ शकत नाही आणि सकाळी आतच वेटोळे घालून बसलेला सापडतो. हात घालू नका. वनखात्याला किंवा सर्पमित्राला बोलवा आणि तोवर कोंबड्या दुसऱ्या दाराने काढा. त्यासाठीच मागे एक लहान दार हवेच.

मुंगूस आणि कुत्रा उकरून येतात. जाळी सरळ खाली पुरण्यापेक्षा भिंतीच्या पायथ्याशी बाहेरच्या बाजूला दीड फूट आडवी अंथरा आणि वर दगड-माती टाका. जनावर भिंतीला लागून उकरते, जाळी लागली की सोडून देते. मागे सरकून उकरायचे त्याला सुचत नाही. उदमांजर छपरावरून येते, म्हणून कौलांखाली जाळी घातल्याशिवाय कौलारू खुराडे पुरे झाले असे समजू नये.

कडी साधी लोंबती नको. फिरवून अडकणारी किंवा कुलूपवाली घ्या. मारलेल्या कोंबडीवरून कोण आले ते कळते: मान चावून धड तिथेच टाकले तर मुंगूस किंवा मांजरकुळातले काहीतरी, अख्खी कोंबडी नाहीशी आणि पिसांची रेघ रानाकडे गेलेली तर बहुधा कोल्हा, अंडी कवचासकट गायब तर साप किंवा घूस. सापळे किंवा विष अजिबात नाही. मुंगूस, उदमांजर, अजगर या सगळ्यांना १९७२च्या वन्यजीव कायद्याचे संरक्षण आहे, आणि विष शेवटी आपल्याच कोंबडीच्या चोचीत जाते.

मांद्रेहून, दोन ओळी

किनाऱ्यावर खारा वारा साधी जस्ती जाळी लवकर खातो. प्लॅस्टिकचा लेप असलेली घ्या. बांधायची तार आधी गंजते, ती दर मे महिन्यात बदला. घार-शिक्र्यापासून पिल्ले वाचवायला रापणीची (मासेमारीची) जुनी नायलॉन जाळी वरून ताणली तर उत्तम, पण ती जमिनीपासून एक फूट वरच थांबवा. खाली लोंबली की धामण त्यात अडकून मरते, आणि धामण तर उंदीर आवरते.

फोंड्याहून, कुळागरवाले

कुळागरात, म्हणजे माड-पोफळींच्या बागेत, कोंबड्या सोडणे दिसायला सुरेख, पण तीन गोष्टी सांभाळाव्या लागतात.

पहिली, बोर्डो. पोफळींच्या कोळेरोगासाठी (सुपाऱ्या कुजून गळतात तो) पावसाच्या तोंडावर एक टक्का बोर्डो मिश्रण मारतात, म्हणजे १०० लिटर पाण्यात १ किलो मोरचूद (तांब्याचा क्षार) आणि १ किलो चुना. शिंतोडे पानांवर, गवतावर, खाली साचलेल्या डबक्यात पडतात. तांबे कोंबडीला विषारी. फवारणीच्या दिवसापासून दोन-तीन जोराच्या सरी पडून जाईपर्यंत कोंबड्या दुसऱ्या तुकड्यात ठेवा, आणि मिश्रण कालवलेले पिंप तिथे धुऊ नका. तणनाशक मारलेल्या बांधाचेही तेच.

दुसरी, उकरणे. मिरवेलीचे बूड आणि वर्षा-दोन वर्षांचे पोफळीचे रोप कोंबड्या मुळापर्यंत उघडे पाडतात. बुडाशी वीतभर आकाराचे दगड दाटीने रचा, किंवा चुडते आडवी टाका. जुन्या माडांना काही होत नाही, उलट गवत आणि किडे कमी होतात.

तिसरी आणि सगळ्यात महत्त्वाची: एकच जागा सतत दिली तर पावसात दोन-तीन आठवड्यांत तिचा चिखल होतो. त्या चिखलात जंत आणि रक्ती हगवणीचे बीज टिकून राहते. पक्ष्यामागे शंभर चौरस फूट धरून जागेचे तीन तुकडे करा आणि दर पंधरा दिवसांनी बदला. खुराड्याच्या दारापुढची जागा सर्वांत जास्त तुडवली जाते. तिथे सहा फुटांपर्यंत खडी टाकून वर नारळाची सोडणे (वरची काथ्याची साले) पसरा. ती कुजली की ओढून खताच्या खड्ड्यात टाका, नवी पसरा.

सोडायची वेळ सकाळी दहा. बहुतेक कोंबड्या तोवर अंडे घालून मोकळ्या होतात, नाहीतर अंडी हळदीच्या वाफ्यात शोधत बसावे लागते. नव्या कोंबड्या आठवडाभर आतच कोंडा. मग पहिल्यांदा सोडायचे ते तिन्हीसांजेच्या तासभर आधी, भुकेल्या पोटी. अंधाराच्या ओढीने आणि दाण्याच्या आवाजाने आपोआप परततात. गावठी कोंबडी मात्र एकदा फणसावर झोपायला शिकली की तिला उतरवणे कठीण. एका पंखाची पुढची लांब पिसे छाटावीत, एकाच पंखाची. दोन्ही छाटले तर तोल सारखा राहतो आणि ती जोर लावून उडतेच. देठात रक्त दिसणारे कोवळे पीस कापू नये.

केप्याहून

डिचोलीच्या भाऊंचे बाकी सगळे मान्य, फक्त कोबा आणि तूस इथे टिकत नाही. आमच्याकडे हवा इतकी दमट असते की तूस ऑगस्टमध्ये गोळा होऊन बसते. जमिनीपासून तीन फूट वर उचललेले खुराडे बरे: खाली चार खांब, तळ बांबूच्या किंवा पोफळीच्या पट्ट्यांचा, पट्टी एक इंच रुंद, फट पाऊण इंच. शीट खाली पडते आणि आत जागा कोरडी राहते. खांबांच्या बुडाला जुन्या तेलाची चिंधी गुंडाळली की मुंग्या चढत नाहीत. पट्ट्यांची टोके आणि गाठी तासून घ्या, नखे अडकून मोडतात. खालची शीट आठवड्याला ओढली नाही तर माश्या आणि वास दोन्ही वाढतात, आणि पोफळीची पट्टी दोन-तीन वर्षांत बदलावी लागते. लहान पिल्लांना हा तळ अजिबात चालत नाही, पाय फटीत जातो.

डिचोलीहून पुन्हा

केपेकर, पिल्लांचा मुद्दा पटला. तुसाबद्दल एवढेच: मेमध्येच भातगिरणीतून चार-पाच पोती आणून कोरड्यात ठेवायची. तीन इंचांनी सुरुवात, आठवड्यातून दोनदा कुदळीने वर-खाली. मूठभर तूस घट्ट दाबून मूठ उघडा. गोळा तसाच राहिला तर ओले, थोडेसे चिकटून फुटला तर बेताचे, नुसती धूळ उडाली तर फार कोरडे. आत खाली बसून कोंबडीच्या उंचीवर नाक न्या. डोळे चुरचुरले तर तिला रात्रभर तेच सोसावे लागते आहे. ओल्या तुसावर चुना फेकणे ही सवय सोडा, त्याने अमोनियाचा भपका उलट वाढतो. आधी ओला थर काढा, पाण्याच्या भांड्याखालचा तर हमखास, मग नवे तूस घाला.

साखळीहून, पिल्लांचे

खुडूक कोंबडी असेल तर तिच्याइतकी ऊब कुठलाच दिवा देत नाही. दहा-बारा अंडी, एकवीस दिवस, आणि पिल्ले निघाल्यावर पहिला आठवडा आईसकट डालग्याखाली.

विकतची पंचवीस पिल्ले असतील तर पुठ्ठ्याचे तीन फूट व्यासाचे आणि दीड फूट उंचीचे कडे करा. पिवळ्या प्रकाशाचा जुना साठ ते शंभर वॉटचा बल्ब दीड फुटावर टांगा. एलईडी उजेड देतो, ऊब नाही, आणि ही चूक सगळीकडे होते. पहिल्या आठवड्यात ३३ ते ३५ अंश, पुढे दर आठवड्याला दोन-तीन अंश कमी. थर्मामीटरपेक्षा पिल्ले बघा: बल्बखाली ढीग करून चिवचिवत असतील तर थंडी, कडेला चिकटून चोच उघडी तर उष्णता, सगळीकडे पांगून दाणे टिपत असतील तर ठीक. बल्ब साखळीने बांधा. नुसत्या वायरवर टांगलेला बल्ब तुसावर पडला की आग लागते. वीज गेली तर गरम पाण्याच्या बाटल्या फडक्यात गुंडाळून मध्ये ठेवा. बंद खोलीत निखाऱ्यांचे मडके ठेवू नका, धूर दिसला नाही तरी वायूने पिल्ले गुदमरतात.

मानमोडीची (राणीखेत रोगाची) लस पहिल्या आठवड्यात डोळ्यात किंवा नाकात थेंबाने, पुन्हा चौथ्या आठवड्यात, आणि आठ आठवड्यांच्या सुमारास टोचून. बर्फावर आणलेली लस विरघळवल्यावर दोन तासांत संपवायची. सहा-सात आठवड्यांआधी पिल्ले मोठ्यांच्या तुकड्यात सोडू नयेत. मोठ्या मारतात ते वेगळेच, रक्ती हगवण बहुतेक याच वयात धरते. तिसऱ्यांच्या (खायच्या शिंपल्यांच्या) शिंपल्या धुऊन, भाजून, कुटून एका डब्यात वेगळ्या ठेवा, पण अंडी देणाऱ्यांच्याच बाजूला. वाढत्या पिल्लांना एवढे कॅल्शियम मूत्रपिंडाला सोसत नाही.